पानाचा तळ राखणारे फोरमन

वर्तमानपत्राच्या नोकरीत माझी सव्वीस वर्षं गेली. वाचकाला आपण ओळखतो असं छातीवर हात ठेवून सांगणारे संपादक, व्यवस्थापक, जाहिरात प्रमुख आणि वितरक या काळात मला पुष्कळ भेटले. पण वाचक बातमी नेमका कोणत्या ओळीला सोडून जातो हे पुराव्यासह सांगू शकेल असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो या चौघांपैकी कुणीही नव्हता. आमच्या सांगलीच्या कचेरीतल्या खिळेजुळणी विभागाचे, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक करून जुळवणाऱ्या खात्याचे, ते फोरमन होते. खिळे भंगारात गेले, विभागाच्या खोलीत झेरॉक्सचं यंत्र आणि कर्मचाऱ्यांच्या सायकली आल्या, तरी हुद्दा त्यांना चिकटून राहिला. शिपायापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना फोरमन म्हणत. मीही इथं तेच म्हणणार आहे.

फोरमन कडेगावकडचे. उंच, मानेत किंचित वाकलेले, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला व तर्जनीला शिशाचा करडा रंग कायमचा बसलेला. पंचवीस वर्षं उलटी अक्षरं जुळवल्यामुळं त्यांना उलटं आणि सुलटं यांत फरक वाटत नसे. समोरच्या माणसाच्या टेबलावरचा कागद ते आपल्या बाजूनं सहज वाचत, आणि वाचल्याचं लपवतही नसत. व्यवस्थापकांनी एकदा बदल्यांची यादी हाताखाली झाकली, तेव्हा फोरमन शांतपणे म्हणाले, "झाकू नगा साहेब, चौथ्या नावात काना राहिलाय." त्यांचा खरा राग मात्र एकाच गोष्टीवर होता. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं खाली असतं, म्हणून कात्री खालून चालते. फोरमनना हा नियम कधीच मान्य झाला नाही. कापलेल्या ओळींचे खिळे ते लगेच सोडवत नसत. आधी त्या ओळी कापणाऱ्या उपसंपादकाच्या टेबलापाशी येऊन वाचून दाखवत. "साहेब, हिरीत पडलेलं पोरगं जित्तं निघालं, ते ह्या ओळीत हुतं. आता उद्या सगळ्या जिल्ह्याला वाटणार, मेलं." तो उपसंपादक मी होतो. पोरगं परत आत घ्यावं लागलं आणि त्यासाठी एका सहकारी सोसायटीच्या अध्यक्षांचा सत्कार अर्धा झाला.

नव्वदीच्या सुरुवातीला संगणक आले आणि अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला मालकांना इंटरनेट आवृत्तीची हौस आली. पुण्यामुंबईच्या दैनिकांनी काढली, मग आपण का नाही, एवढाच त्यामागचा विचार होता. हे काम कुणालाच नको होतं. टेलिफोनची तार मोडेमला जोडायची, जोडणी मिळेपर्यंत तो किंचाळणारा आवाज ऐकायचा, मिळालेली जोडणी अर्ध्यावर तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. शिवाय वाचकानं आमचा फाँट आधी आपल्या संगणकावर उतरवून घेतला नाही, तर त्याला सगळा अंक इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. काम नको असलेल्या सगळ्यांनी एकमतानं फोरमनचं नाव सुचवलं. फोरमननी चार दिवस मागून घेतले. सातवीपर्यंत शिकलेल्या या माणसानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला सुरुवात केली. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानाची मागची बाजू उघडून बघता येते, हे कळल्यावर मात्र त्यांची भीती गेली. "म्हंजे हितंबी पान उलट्या बाजूनंच जुळवायचं हाय की," ते म्हणाले. "मग आपलंच काम झालं."

आमची आवृत्ती म्हणजे एकच लांबलचक पान होतं. वेगवेगळी पानं करायला वेळ नव्हता. वर मुख्य बातमी, मग सातारा-सांगलीच्या बातम्या, मग हळद आणि गुळाचे भाव, मग धरणांचे पाणीसाठे, आणि अगदी तळाला निधन वार्ता. त्या तळाला असण्याचं कारण साधं होतं. कराड, वाई, कडेगावच्या वार्ताहरांची पाकिटं एसटीच्या गाडीनं येत, आणि निधन वार्ता पाकिटात सगळ्यांत शेवटी कोंबलेल्या असत. वाचकाला तिथवर जायचं तर पान सरकवत सरकवत जावं लागे. या सरकण्यानं फोरमनना पछाडलं.

पुस्तकात त्यांना असं सापडलं होतं, की वाचकानं पान वरखाली सरकवलं की ब्राउझर तशी वर्दी देतो, आणि त्या वर्दीवर काय करायचं ते आपण स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानामागच्या सूचनांमध्ये, लिहून ठेवू शकतो. म्हणजे वाचक सांगलीत असो की समुद्रापार, त्याचा हात हलला की आपलं पान जागं होतं. फोरमन हे मला तीन वेळा सांगायला आले. छापलेल्या अंकाचं असं कधी कळलं नव्हतं. तो एकदा गठ्ठ्यातून गेला की त्याचा पुड्या बांधायला उपयोग झाला की वाचायला, हे विचारायची सोय नव्हती. पण इथंही एक अडचण निघाली. त्या वेळी दोन ब्राउझर चालत. एक पान सरकल्याची वर्दी आपणहून देई. दुसरा देत नसे. त्याला ठरावीक वेळानं विचारावं लागे, पान आता कुठवर आलं आहे. फोरमननी दोघांसाठी वेगवेगळी स्क्रिप्ट लिहिली आणि त्यानंतर ओळखीपाळखीच्या सगळ्या माणसांची याच दोन गटांत विभागणी करून टाकली. "वाईचा वार्ताहर सांगणारा हाय. कराडचा इचारायला लागणारा." कराडच्या वार्ताहराचं बसस्थानकासमोर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दर पंधरा मिनिटांनी फोरमनचा त्याला फोन जाई. पाकीट दिलं का गाडीत? कोणत्या गाडीत? कंडक्टर ओळखीचा आहे का? शेवटी तो वैतागला. "आरं गड्या, गाडी फलाटाला लागंल तवाच दीन की! का मीच पाकिटात बसून येऊ?" फोरमननी फोन ठेवला आणि बरोब्बर पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला.

मग जाहिरातीचं प्रकरण झालं. एका कापड दुकानदारानं लग्नाच्या बस्त्याची जाहिरात दिली. शालू नेसलेली नवरी आणि खाली दुकानाचं नाव. व्यवस्थापकांची अट अशी, की वाचक पान कितीही खाली नेवो, नवरी त्याच्या नजरेआड होता कामा नये. फोरमननी तसं केलं. पान सरकलं की नवरी तेवढीच खाली सरकायची. पण पानाच्या कडेची पट्टी एकदा ओढली तर ब्राउझर एक वर्दी देऊन थांबत नसे, दहा-पंधरा-वीस वर्द्या देई, आणि प्रत्येक वर्दीला नवरी उडी मारू लागली. ती थरथरत, अडखळत, धापा टाकत वाचकामागं धावे, आणि धावता धावता आमचा संगणक बंद पडे. आठ दिवसांच्या विचारानंतर फोरमनना उपाय सुचला. वर्दी आली तरी लगेच हलायचं नाही. थोडं थांबायचं. तेवढ्यात दुसरी वर्दी आली तर पुन्हा पहिल्यापासून थांबायचं. वर्द्या यायच्या बंद झाल्या, वाचक एका जागी स्थिरावला, की मगच एकदा, एकदाच हलायचं. नवरी सुधारली. ती आता वाचक थांबल्यावर पाव सेकंदानं शालीनपणे येऊन उभी राही.

हा उपाय फोरमनना इतका पटला, की त्यांनी तो स्वतःलाही लावून घेतला. त्यानंतर कुणीही काही विचारलं, रागावलं, ओरडलं, तरी समोरच्याचं बोलणं पुरतं थांबल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. थांबल्यावरही जरा वेळ जाऊ देत. मधेच तो पुन्हा बोलू लागला तर यांची मोजणी नव्यानं सुरू होई. व्यवस्थापकांना ही उद्धटगिरी वाटे. ते ओरडत, उत्तराची वाट बघत, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा ओरडत, आणि असं एकदा अर्धा तास चाललं. मी फोरमनच्या घरी गेलो होतो तेव्हा वहिनींनी माझ्यासमोर गाऱ्हाणं मांडलं. "भावजी, बघा की! दळण आणायचं हाय, पावणं यायचं हायती, मी एवढं बोलतीय, आन् हे नुसतं बघत्यात. आवं, मी काय तुमचं पान हाय व्हय?" फोरमन बघत राहिले. वहिनी थांबल्या. काही क्षण गेले. मग ते म्हणाले, "दळण आणलंय. पावणं उद्या हायती." वहिनी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्ये तवाच सांगाय काय झालं हुतं?"

जाहिरात सुधारल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण एका सकाळी फोरमननी मला खुर्चीसह ओढत त्यांच्या संगणकासमोर नेलं. पान तळाला नेलं. पाव सेकंद गेला. शालूतली नवरी आली आणि वाईच्या एका वृद्ध पुरोहितांच्या निधन वार्तेवर, रक्षाविसर्जनाच्या वेळेच्या अगदी वर, हसत उभी राहिली. व्यवस्थापकांना दाखवलं तर ते म्हणाले, चालायचंच. फोरमननी कुणालाही न विचारता स्क्रिप्टमध्ये एक अट वाढवली. नवरी धरणांच्या पाणीसाठ्यापर्यंत येईल, पुढं येणार नाही. दुःखाच्या घरी भरजरी लुगडं नेसून जात नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. महिन्याभरात कापड दुकानदाराच्या परदेशी असलेल्या भाच्यानं ही गोष्ट मामाला कळवली. दुकानदार व्यवस्थापकांकडं आले आणि व्यवस्थापकांनी फोरमनना बोलावलं.

"निधन वार्ता काढून टाका इंटरनेटवरनं," व्यवस्थापक म्हणाले. "म्हणजे जाहिरात तळापर्यंत जाईल. एवढं खाली वाचतंय कोण?"

फोरमननी थांबायचं तेवढं थांबून घेतलं. "वाचत्यात."

"दाखवा."

व्यवस्थापक हा माणूस दुष्ट नव्हता, हे इथं नोंदवलं पाहिजे. त्याला आवृत्ती चालवायची होती आणि ती एकाच जाहिरातीवर चालत होती. त्यानं पुरावा मागितला आणि फोरमन पुरावा काढायच्या मागं लागले. रीत त्यांनी स्वतः बसवली. पान वरून जेवढं सरकलं ती उंची घ्यायची, तिच्यात वाचकाच्या खिडकीची उंची मिळवायची, बेरीज अख्ख्या पानाच्या उंचीएवढी झाली की वाचक तळाला पोचला. तसा तो पोचला की स्क्रिप्टनं आमच्या सर्व्हरकडून एक चित्र मागवायचं. चित्र म्हणजे डोळ्याला न दिसणारा एक ठिपका. ठिपका मागितल्याची नोंद सर्व्हरवर पडे आणि ती कोणत्या संगणकाच्या पत्त्यावरून, किती वाजता, हेही त्यात असे. आठवड्यानंतर फोरमननी नोंद उतरवून घेतली. पान उघडणारा प्रत्येक वाचक तळाला गेला होता. एकही मध्ये थांबलेला नव्हता.

मी त्या दिवशी कामासाठी साताऱ्याला होतो. फोरमनचा तिथं फोन आला. कंदी पेढे घेऊन या. मी आणले. त्यांनी ते टेबलाटेबलावर जाऊन वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "सगळी तळापातूर वाचत्यात. सगळी." व्यवस्थापकांनी पेढा घेतला आणि दुकानदाराला काय सांगायचं याच्या विचारात पडले. प्रत्येक वाचक शेवटच्या ओळीपर्यंत गेला, अशी घटना जगाच्या पाठीवर कुठल्याच वर्तमानपत्राच्या बाबतीत घडलेली नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आपलं सगळं वाचलं जातं यावर विश्वास ठेवायला पत्रकारांना फार पुरावा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी फोरमन आपलंच पान उघडत असताना फोनची जोडणी तुटली. दैनिकाचं नाव तेवढं पडद्यावर आलं होतं, खाली सगळं पांढरं. त्यांनी सहज नोंद तपासली. ठिपका पडला होता. त्यांच्या ध्यानात आलं, की संथ तारेवरून पान वरून खाली हळूहळू येतं. सुरुवातीला फक्त नाव येतं, तेव्हा पान वीतभर उंचीचं असतं आणि खिडकी त्याहून मोठी असते. त्या घटकेला वरचा माथा हाच पानाचा तळ असतो. वाचकानं बोटही हलवलेलं नसतं आणि स्क्रिप्ट म्हणतं, पोचला. वर्तमानपत्राची रीत अशी, की चूक ज्या जागी छापली त्याच जागी दुरुस्ती छापायची. फोरमन ज्या टेबलांवर पेढा ठेवून गेले होते त्या प्रत्येक टेबलाशी, त्याच क्रमानं, पुन्हा गेले. "परवाचा आकडा चुकीचा हुता. चूक माझी." मुद्रितशोधकानं चिडवलं, "मग आता पेढं माघारी घेताय व्हय?" फोरमननी त्याच्याकडं बघून घेतलं. "पेढा खरा हुता. आकडा खोटा हुता." शेवटी ते व्यवस्थापकांकडं गेले. जो आकडा त्यांना जिंकून देणार होता, तो त्यांनी स्वतःहून परत केला. ही चूक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही कधी सापडली नसती.

पान पुरतं उतरल्याशिवाय मोजायचंच नाही, अशी दुरुस्ती त्यांनी केली. तळाला कुणी आदळून परत जातंय की थांबतंय हे कळावं म्हणून, वाचक तिथं असेपर्यंत दर दहा सेकंदांनी एक नवा ठिपका पडेल, अशी सोयही केली. खरी नोंद आली. बहुतेक लोक मुख्य बातमीच्या दोन परिच्छेदांनंतर निघून जात. मी बाजार समितीवर तीन भागांची लेखमाला लिहिली होती. फोरमननी तिच्याबद्दल मला शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "साहेब, तुमच्या लेखावरनं लोकं गेली. थांबली न्हाईत." तळाला येणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे निघाले. पण त्यांची चाल वेगळी होती. ते मध्ये कुठंही न रेंगाळता, विनाथांबा गाडीसारखे, थेट खाली येत. खाली मिनिट-दोन मिनिटं थांबत. आणि रोज येत.

"पाच-सहा माणसं," व्यवस्थापक म्हणाले. "फोरमन, तुम्हीच आकडा आणलाय. आता काय बोलू?"

"काढतो," फोरमन म्हणाले. "पन आधी तसं छापू द्या. सात दिस. रोज तिथं येणाऱ्याला येक दिवस जागा मोकळी दिसली तर त्यानं काय समजायचं? कुणी गेलं न्हाई आसं?"

व्यवस्थापकांनी मान हलवली. तळाला एक ओळ आली. पुढील सोमवारपासून या पानावर निधन वार्ता प्रसिद्ध होणार नाहीत, वाचकांनी नोंद घ्यावी. चौथ्या दिवसापर्यंत पाच ई-मेल आले. त्यांतला एक मस्कतहून होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. बाई मूळच्या कराडच्या, मस्कतमधल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. त्यांनी माहेरचं आडनाव, गल्ली आणि वडिलांचं नाव लिहिलं होतं. लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालं, नऊ वर्षं बोलणं नाही, पत्रं परत येतात. वडील थकले आहेत एवढं कुणाकडून तरी कळलं. काही झालं तर मला कुणी कळवणार नाही. म्हणून मी रोज कामाला लागण्याआधी तुमचं पान उघडते आणि सगळ्यांत खाली जाते. तिथं ते नाव नसलं की माझा दिवस सुरू होतो. कृपा करून हे बंद करू नका.

फोरमननी त्या ई-मेलची छापील प्रत काढली आणि व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली. ते वाचत असताना आम्ही दोघं उभे होतो. व्यवस्थापकांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. "दुकानदारांशी मी बोलतो," ते म्हणाले. नवरी त्यानंतरही पाणीसाठ्यापाशीच थांबत राहिली.

त्या दिवसापासून फोरमन नोंदीत मस्कतचा पत्ता, जो त्या ई-मेलच्या माथ्यावरही होता, आधी बघू लागले. आपल्याकडं साडेनऊच्या आसपास ठिपके पडत. बहुधा सात-आठ. म्हणजे मिनिट-सव्वा मिनिट. ते पडले की फोरमन चहा घेत. चार-पाच महिने असेच गेले.

मग एका सकाळी मी कचेरीत आलो तेव्हा फोरमन माझ्या टेबलापाशी उभे होते. त्यांच्या हातात आदल्या संध्याकाळच्या गाडीनं आलेला कराडचा कागद होता. छापील अंकात ती वार्ता आधीच येऊन गेली होती, इंटरनेटचं पान अजून जायचं होतं. मी कागद वाचला. नाव तेच. गल्ली तीच. पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.

"साहेब, ह्यात येक चूक हाय," फोरमन म्हणाले.

मी म्हटलं, निधन वार्तेतला परिवार घरचे सांगतील तसा छापतात. आपण त्यात हात घालत नाही. ते खरं होतं. फोरमननी वाद घातला नाही. त्यांनी फोन उचलला, कराड लावलं आणि मला ऐकू यावं म्हणून रिसीव्हर आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"त्यास्नी पोरगी हुती का रं?"

"हाय की," पलीकडून घड्याळवाला वार्ताहर म्हणाला. "परदेशात असती. पन घरच्यांनी लिवली न्हाई. मी इचारलं, पोरीचं नाव राहिलं का? थोरला म्हनला, राहिलं न्हाई, लिवलंच न्हाई."

फोरमननी फोन ठेवला. एक लेखी पुरावा आमच्याकडं होता, दुसऱ्या ठिकाणाहून आता दुजोरा मिळाला होता. इतर कुठल्याही बातमीला मी याहून जास्त काही मागितलं नसतं. मी पेन काढलं आणि 'दोन मुले' याच्यापुढं 'एक विवाहित मुलगी' असं लिहिलं. जबाबदारी माझी राहावी म्हणून कडेला सही केली. मग म्हटलं, त्यांचा ई-मेलचा पत्ता आपल्याकडं आहे. आधी दोन ओळी लिहून कळवू या का? एकदम पानावर दिसणं बरं नाही.

फोरमननी सही केलेला कागद हातात घेतला. "आपण पत्र लिवलं तर तिला परक्यांनी सांगितलं आसं हुतंय," ते म्हणाले. "पानावर दिसलं, आन् त्यात तीबी दिसली, तर तिला वाटंल, घरच्यांनी लिवलं."

हे योग्य होतं की नाही, याचा निर्णय मला तेव्हा करता आला नाही आणि पुढंही आला नाही. मी फक्त मान हलवली. फोरमननी वार्ता जुळवली. इतर चार वार्तांच्या मध्ये, त्याच टायपात, त्याच मापात. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. साडेआठला पान गेलं.

साडेनऊला आम्ही दोघंही संगणकासमोर होतो. मस्कतचा पहिला ठिपका नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पडला. मग दर दहा सेकंदांनी एक. सात झाले, आठ झाले, वीस झाले. फोरमन मधून मधून नोंद नव्यानं उतरवून घेत आणि दरवेळी ती लांबलेली असे. दहा वाजले. जाहिरात विभागाला फोन करायचा होता, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. मी विचारलं, "लाइन सोडायची का?"

"थांबा," फोरमन पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "अजून हाय ती खाली."

सव्वादहाच्या पुढं ठिपके थांबले. फोरमन आणखी थोडा वेळ बसून राहिले, मग तार मोडेममधून काढून त्यांनी पुन्हा टेलिफोनला लावली.

दुसऱ्या दिवशी त्या पत्त्यावरून नोंद आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. पंधरा दिवस गेले. व्यवस्थापकांनी दुकानदाराचा विषय अजून पुन्हा काढला नव्हता, पण आज ना उद्या काढतील असं मला दिसत होतं. मी फोरमनना म्हटलं, आता त्या बाई यायच्या नाहीत. त्यांना खाली येण्याचं कारण राहिलं नाही.

फोरमन नेहमीएवढं थांबले.

"यील की," ते म्हणाले. "आई हाय अजून."

आणि त्यांनी कडेगावचं पाकीट फोडायला घेतलं.